कसरीनं पुढचं वाचलं! पुस्तक सोडावं, चाळावं की रेटून संपवावं?

कुळागर (फोंडा)

दसरा झाला, ऊन तापायला लागलं की आमच्याकडे पुस्तकं सोप्यावर निघतात. चार महिने एकशेवीस इंच पाऊस पिऊन कपाटाला दमट वास धरलेला असतो, पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढलेली असते. एकेक पुस्तक कोरड्या फडक्यानं पुसायचं, उभं करून पानं मोकळी सोडायची, कपाटात वेखंडाचे नवे तुकडे टाकायचे. दरवर्षी हे काम बायको करते आणि मी सूचना देतो. मार्चात निवृत्त झालो, तेव्हापासून सूचना द्यायचं खातं तिच्याकडे गेलंय.

पुसता पुसता मोजलं. २१४ पुस्तकं. त्यातल्या ६३ पुस्तकांत कदंबची तिकिटं निघाली. फोंडा-पणजी २६ वर्षं बसनं केलं, खूण घालायला तिकीटच हाताशी असायचं. पान ३४. पान ५१. पान ७०. शंभरी ओलांडलेली तिकिटं मोजकीच. जे पुस्तक वाचून संपलं त्यातलं तिकीट बाहेर पडलं, जे राहिलं ते तिकिटासकट राहिलं.

एका जाडजूड कादंबरीत तिकीट पान ११८ ला होतं. तिथवर सगळी पानं धड. ११९ पासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत कसरीनं मोहरीएवढं भोक पाडत नेलेलं. मी थांबलो तिथून तिनं वाचायला घेतलं आणि संपवलंसुद्धा! बायको म्हणाली, "घरात कुणीतरी चिकाटीचं आहे म्हणायचं."

आमच्या वडिलांचा दंडक होता, ताटात घेतलेलं टाकायचं नाही आणि हातात घेतलेलं पुस्तक सोडायचं नाही. चाळिशीपर्यंत मी तो पाळला. नावडती पुस्तकंसुद्धा औषधासारखी डोळे मिटून घेतली. मग कधीतरी तो सुटला, कसा ते कळलंही नाही. आता ही ६३ तिकिटं समोर पडली आहेत आणि मला कामचुकार असल्यासारखं वाटतंय. वेळ तर आता आहे. पण ६३ पुस्तकं पहिल्यापासून घ्यायची? चाळून निकाल लावायचा? की वाचनालयाला देऊन मोकळं व्हायचं? तुम्ही काय करता?

बिमली (म्हापसा)

काका, तुमच्या वडिलांविषयी आदर ठेवून बोलते. ताटात आपण हवं तेवढं वाढून घेतो. पुस्तक दुसऱ्यानं वाढलेलं असतं, आणि काही लेखकांचा हात फार सैल असतो.

माझा हिशेब सोपा आहे. नॅन्सी पर्ल नावाच्या एका अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी सांगितलेला. पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर खुशाल सोडा. आणि तुमचं वय पन्नासच्या पुढं असेल तर शंभरातून वय वजा करा, जे उरेल तेवढीच पानं द्या. मी ५७ वर्षांची, म्हणजे ४३ पानं. दर वाढदिवसाला एक पान कमी. वयाचा एवढा तरी फायदा!

हिशेबनीस (मडगाव)

आमच्या धंद्यात याला बुडीत खर्च म्हणतात. पुस्तकाचे चारशे रुपये गेले ते गेले. न आवडलेलं पुस्तक वाचत बसलात तर चारशे रुपये परत येत नाहीत, वर दहा तास जातात. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, अमेरिकेत ओहायोतला. नाटकाच्या हंगामी तिकिटांवर काही गिऱ्हाइकांना न सांगता सवलत दिली, बाकीच्यांकडून पूर्ण पैसे घेतले. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेली माणसं जास्त नाटकांना आली. नाटकं तीच, फरक फक्त खिशातून किती गेले याचा. तेव्हा पुस्तक धरून ठेवायच्या आधी स्वतःला विचारा, हे मला कुणी फुकट दिलं असतं तर वाचलं असतं का?

आता खरं सांगायचं तर माझं स्वतःचं उलटं होतं. वाचनालयातून आणलेली, म्हणजे फुकटचीच, पुस्तकं मी संपवतो, कारण परत करायची तारीख असते. पैसे देऊन घेतलेली शोकेसमध्ये उभी आहेत. तर माझा सल्ला किती मनावर घ्यायचा ते बघा.

सातेरी (वाळपई)

मला हे पटत नाही. सगळ्यांनाच सोडायची मुभा हवी आहे. आमची आजी गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण करायची. रोजचे अध्याय ठरलेले. ताप असो, पाहुणे असोत, गाय व्यालेली असो. कंटाळा येतो का, असं तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या बैठकीतूनच तिला मराठी आलं, शाळेचं तोंड न पाहता. पन्नास पानांवर सोडणाऱ्याला पान दोनशेवर काय आहे ते कसं कळणार? समर्थांच्या नावावरची ओळ आपण सगळेच फळ्यावर लिहून मोठे झालो, 'प्रसंगी अखंडित वाचीत जावे'.

बिमली

सातेरीताई, त्या ओळीत 'अखंडित'च्या आधी 'प्रसंगी' आहे. रोज उठून अखंडित नव्हे.

सातेरी

शिक्षिका शोभता. पण प्रसंग कधी येतो ते पुस्तक सोडल्यावर कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

विंगेतला (पेडणे)

मी या धाग्यावर जरा लांबण लावणार आहे, आधीच माफ करा.

आमच्या गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं, गोव्यातल्या बहुतेक गावांत होतं तसं. नाटक निवडायचं काम माझ्या वडिलांकडे. पावसाळ्यात शेतीचं काम उरकलं की ते पणजीला, कधी सावंतवाडीला जाऊन नाटकांची पुस्तकं पिशवीभर आणायचे. तीस-चाळीस. आणि दोन रात्रींत त्यांचा निकाल लावायचे. मी बाजूला बसून बघायचो. पहिलं पान उघडायचे ते पात्रांचं. बायका किती? तीनच्या वर असल्या तर पुस्तक डावीकडे, कारण गावात लुगडं नेसून उभं राहायला तयार असलेले तिघेच. मग शेवटचा अंक. शेवटी रडायला आहे का? नसेल तर गाव नाव ठेवणार. मग मधेच कुठं तरी अंगठा घालून एक प्रवेश मोठ्यानं वाचायचा. दमछाक झाली तर वाक्यं लांब आहेत, आमच्या पाटलाला पेलणार नाहीत. शेवटी पडदे मोजायचे. राजवाडा आणि जंगल गावाकडे होतं, रेल्वे स्टेशन लागलं तर भाड्यानं आणावं लागायचं.

अशा रीतीनं वडिलांनी आयुष्यात हजारभर नाटकं पाहिली असतील, वाचली फार थोडी. पण कुठल्या नाटकात किती पात्रं, कुठं टाळी, कुठं प्रेक्षक विडी ओढायला उठतो, हे त्यांना तोंडपाठ. याला तुम्ही वरवरचं वाचन म्हणाल? मी नाही म्हणणार. त्यांना नाटकाकडून काय हवं होतं ते नक्की माहीत होतं, म्हणून चाळता येत होतं. मी तसंच चाळायला गेलो तर माझ्या हाती काही लागायचं नाही.

आता दुसरी बाजू. एकदा नाटक ठरलं की विंगेत वही घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं, सातवीत असल्यापासून. प्रॉम्प्टरला एक शब्द गाळून चालत नाही. दोन महिने तालमी, मग प्रयोग, म्हणजे तेच पुस्तक पन्नास-साठ वेळा. पहिल्या आठ दिवसांत मला ते नाटक रद्दी वाटायचं. नेहमी. वडिलांनी यंदा फसवून घेतलं असंच वाटायचं. विसाव्या वेळी कधीतरी एखाद्या नोकराच्या तोंडी असलेलं साधं वाक्य कानाला लागायचं आणि लेखकानं ते तिथं का ठेवलंय ते उमगायचं. काही नाटकांत मात्र साठाव्या वेळीसुद्धा काही उमगलं नाही. तीही प्रामाणिकपणे सांगितलेली बरी.

तर कुळागर, तुमच्या ६३ पैकी कुठल्या पुस्तकांपुढं तुम्ही वडिलांसारखे बसणार आणि कुठल्यांपुढं प्रॉम्प्टरसारखे, ते आधी ठरवा. सगळ्यांना एकच काठी नको.

कुळागर

विंगेतला, लांबण कसली! तुमच्या पाटलानं शेवटी कुठली भूमिका केली ते तेवढं सांगायचं राहिलं.

विंगेतला

राजाची. राजाला वाक्यं कमी असतात, दरबारीच बोलतात.

पाटोकर (पणजी)

मी आठवड्यातून दोनदा तरी पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात असतो. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेली ही संस्था, आणि ज्याच्या नावानं आज ती ओळखली जाते त्या केळोशीच्या कृष्णदासानं १५२६ साली श्रीकृष्णचरित्रकथा लिहायला घेतली होती. तिथं सकाळी मांडीवर सहा पुस्तकं घेऊन बसायचं, जेवायच्या वेळेपर्यंत पाच परत ठेवायची. मी इतिहास वाचतो. त्यात अनुक्रमणिका, प्रस्तावना, मागची सूची आणि तळटीपा बघितल्या की माणूस काय खाऊन लिहितो ते कळतं. ज्याच्या तळटीपा आवडल्या त्याचं पुस्तक पहिल्या पानापासून.

पण एक इशारा. 'मिनिटाला हजार शब्द' छाप वर्गांच्या नादी लागू नका. पूर्वी मीही फी भरली होती. मोठ्या माणसाचं मनातल्या मनात वाचण्याचं वेग-मोजमाप झालेलं आहे, इंग्रजीत ते मिनिटाला साधारण २४० शब्दांच्या आसपास येतं. २०१६ साली वाचनावर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी आधीच्या सगळ्या संशोधनाचा एक मोठा आढावा घेतला. निष्कर्ष रोखठोक होता, वेग वाढवला की समज घटते, दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत. भराभर वाचणारे बहुधा त्या विषयात आधीच मुरलेले असतात. आमच्या विंगेतल्यांचे वडील, त्यांच्यासारखे.

शब्दवेडी (डिचोली)

चाळणं या शब्दाला आपण उगाच हलका करून ठेवलाय. मे महिन्यात आमच्याकडे घर चाळायला माणूस येतो. तो काय करतो? एकेक कौल उचलतो, बोटाच्या टिचकीनं वाजवून बघतो, बद्द आवाज आला की खाली टाकतो, चांगलं असलं तर शेवाळ खरवडून परत बसवतो. घरावरचं प्रत्येक कौल त्याच्या हाताखालून जातं. चाळणीतून पीठ जातं तेव्हाही कण न् कण जाळीवरून जातो. मोबाइलवर आपण जे अंगठ्यानं वर सारत बसतो त्याला चाळणं म्हणू नका, कौलं चाळणाऱ्याचा अपमान आहे.

आणि आणखी एक. 'कादंबरी' हा शब्द आपण ज्या पुस्तकावरून घेतला ते बाणभट्टाचं. ते त्यानं पुरं केलं नाही, अर्ध्यावर गेला, उरलेलं मुलानं लिहिलं. एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात थांबलं, पुढचं गावबानं पुरं केलं. लिहिणाऱ्यांचीच राहतात हो, वाचणाऱ्यांनी इतकं काय मनाला लावून घ्यायचं!

सातेरी

त्यांना मरण आलं म्हणून राहिलं. तुम्हांला झोप आली म्हणून. फरक आहे.

शब्दवेडी

😀 हे मात्र बिनतोड.

मुळा_मांडवी (पुणे, मूळ गाव काणकोण)

अर्धवट वाचनाचा विषय निघालाच आहे तर ख्रिस्तपुराणाचं बोलू. फादर थॉमस स्टीफन्सचं, १६१६ साली राशोलला छापलेलं, रोमन लिपीत. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही ओळ भाषणात न म्हणणारा मराठीप्रेमी मला अजून भेटायचा आहे. आणि बाकीच्या ओव्या वाचलेला एकही अजून भेटलेला नाही. मी स्वतः तीन वेळा सुरू केलं. दर वेळी आदामाला बागेतून हाकलतात आणि मीही त्याच्याबरोबर बाहेर पडतो.

म्हणजे काही पुस्तकं आपण चार ओळींपुरतीच पाळतो. त्या चार ओळींवर भांडायलाही तयार असतो.

दर्यावर्दी

भाषा मराठी की कोंकणी ते आधी ठरवा, मग भांडा!

मुळा_मांडवी

हेच म्हणत होतो.

पाटोकर

कृपा करून तो विषय इथं नको, त्याला वेगळे सतरा धागे आहेत. कुळागरांच्या तिकिटांवर या.

फेरीबोट (चोडण)

मी धाग्यावरची सगळ्यांत लहान बहुतेक, २४. मी रायबंदर-चोडण फेरीवर कानात घालून पुस्तकं ऐकते, दीडपट वेगानं. फेरी पलीकडे लागेपर्यंत एखादं प्रकरण होतं. वाक्य कानावरून गेलं तर परत मागे जात नाही. गाड्या उतरायला लागतात तेव्हा थांबवते. माझ्या फोनमध्ये प्रत्येक पुस्तकापुढं टक्के दिसतात, १२ टक्के, ३१ टक्के, ८८ टक्के. ८८ वाल्याचा जास्त त्रास होतो, १२ वाल्याचा नाही. का कोण जाणे.

प्रश्न असा, की ऐकलेलं पुस्तक वाचलेल्यात धरायचं का?

सातेरी

बाय, श्रावणात देवळात पोथी वाचणारा एकच असतो आणि ऐकणारे शंभर. शंभरांनाही पुण्य तेवढंच मिळतं असं आजी म्हणायची. धर की. दीडपट वेगाचं मात्र तिला विचारावं लागेल.

हिशेबनीस

८८ टक्क्यांचा त्रास का होतो, तर खर्च जास्त झालेला असतो. बघा, परत तेच आलं!

मीठागर (आगर)

मी मोठा वाचक नाही, रोजचं वर्तमानपत्र आणि वर्षाला दिवाळी अंक. वाचतोय सगळं शांतपणे. एकच सांगायचं होतं. धर्मानंद कोसंबी आमच्या इकडचे, सांखवाळचे, १८७६ चा जन्म. घरचं कुळागर, नारळी सांभाळत बसलेला कमी शिकलेला मुलगा. त्यांच्या हाती बुद्धावरचा एक लेख आला, तोही 'बालबोधमेवा' या लहान मुलांच्या मासिकातला. त्या एका लेखानं माणूस घर सोडून बाहेर पडला, पुण्याला, काशीला, नेपाळला, सिलोनला गेला, पाली शिकला, पुढं हार्वर्डमध्ये काम केलं. आपण इथं किती पानं वाचावीत यावर बोलतोय. त्यांचं एका मासिकातल्या एका लेखावर भागलं.

बिमली

मीठागर, मोठा वाचक नाही म्हणता आणि एवढं सुरेख सांगून जाता!

पण शिक्षिकेला राहवत नाही म्हणून जोडते, त्यानंतर त्यांनी जे वाचलं ते चाळून नव्हे. पाली शिकायला कुणी ४३ पानांचा नियम लावत नाही. मी वर्गात मुलांना सांगते, गोष्टीचं पुस्तक सोडलंत तर चालेल, व्याकरणाचं सोडलंत तर मी सोडणार नाही. पूर्वी आमच्या एका शाळेत, नाव नको, मुलांकडून 'वाचलेल्या पुस्तकांची यादी' लिहून घेत. जास्त पुस्तकं लिहील त्याला बक्षीस. सगळी मुलं पाठचा मजकूर वाचून सारांश लिहायची. माझ्या स्वतःच्या पुतण्यानं ४० पुस्तकं लिहून पहिला नंबर मिळवला. आज तो एकही पुस्तक हातात धरत नाही. संपवण्याचा हिशेब मागितला की असं होतं, म्हणून मला त्या ६३ आकड्याची जरा भीती वाटते, काका. तुम्ही मोजायला नको होतं.

कुळागर

चार दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व. कारण सांगतो.

तुमचं सगळं वाचून (हो, सगळं, एकही प्रतिसाद न गाळता) पुस्तकांचे ढीग लावायला घेतले. विंगेतल्यांच्या वडिलांसारखं बसलो. पहिलं पान, शेवटचं पान, मध्ये अंगठा. टिचकी मारून बघितली म्हणा. ६३ पैकी ३८ तासाभरात बाजूला झाली. कशी घेतली होती तेच आठवेना. कुठल्या तरी प्रदर्शनात 'तीन घ्या, एक मोफत' मधलं मोफत असणार. ती आमच्या वाड्यावरच्या वाचनालयाला. बायको म्हणाली, त्यांनी काय पाप केलंय?

उरलेल्या २५ मध्ये एक गंमत दिसली. तिकिटावरची तारीख. जुन्या तिकिटांवरचं छापील अजून वाचता येतं, अलीकडची यंत्रातून निघालेली तिकिटं पार कोरी झाली आहेत. ज्यांच्यावरची तारीख लागली त्यातली पाच एकाच वर्षाची होती, २००४ च्या पावसाळ्यातली. त्या वर्षी वडील आजारी होते आणि मी बसमध्ये पुस्तक उघडून नुसता खिडकीबाहेर बघत असायचो, बाणस्तारीचा पूल येईपर्यंत. ती पाचही पुस्तकं चांगली आहेत. त्यांच्या अंगात काही दोष नव्हता. सातेरीताई, ही तुमच्या बाजूनं धरा.

आणि ते भोकवालं पुस्तक घेतलं वाचायला. ११८ पासून नव्हे, पहिल्यापासून, कारण नायिकेचं नावसुद्धा विसरलो होतो. ११८ पर्यंत दोन दिवसांत आलो, ठीकठाक वाटलं. पुढं प्रत्येक पानावर त्याच जागी, सातव्या-आठव्या ओळीत, दोन-तीन अक्षरं नाहीत. भोकातून मागच्या पानाचं अक्षर दिसतं आणि भलताच शब्द तयार होतो. काल 'तो तिला म्हणाला' च्या जागी 'तो तिला पळाला' वाचलं आणि पाच मिनिटं अर्थ लावत बसलो. त्यामुळं चाळायची सोयच उरली नाही. दर पानाला थांबून, मागचं-पुढचं वाक्य बघून, तिथं कोणता शब्द असेल ते ठरवावं लागतं. कसर मला प्रॉम्प्टर करून गेली.

विंगेतला

शब्द अडला की इथं विचारा. विंगेतून सांगतो.

फेरीबोट

आजोबा, सध्या किती टक्के झालंय?

कुळागर

टक्के नाही माहीत. पान १६३. बायकोनं आत्ताच विचारलं, कसरीच्या पुढं की मागं? म्हटलं, बरोबरीनं चाललोय.

बिमली

झालं की मला पाठवा. नाही झालं तरी पाठवा, तिकीट काढू नका.